रोमचा आणा, रोमची पावली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कसोटी सामना असो की गल्लीतलं क्रिकेट, आपण विचारतो, छापा की काटा? प्राचीन रोममधली पोरं ओरडत, डोकी की गलबत? त्यांच्या ‘अस’ या ब्रॉंझच्या नाण्यावर एका बाजूला दोन तोंडांचा जानस देव आणि दुसऱ्या बाजूला गलबताचं पुढचं टोक असे.

सुरुवातीचा अस उडवणं मात्र सोपं नव्हतं. तो साच्यात ओतलेला, जवळजवळ एक रोमन पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास! पुढे हॅनिबल चालून आला. युद्धाचा खर्च झेपेना. टप्प्याटप्प्यानं वजन उतरलं आणि इ.स.पू. २११च्या सुमारास अस पौंडाच्या एक षष्ठांशावर आला. नाव तेच, देव तोच. प्लिनी हा लेखक ही कपात आधीच्या युद्धातली समजतो, पण हिशेब चोख मांडतो: सहातले पाच भाग सरकारचा नफा, आणि कर्ज फिटलं. ज्यानं जड नाणी मोजून उसने दिले, त्याच्या हाती हलकी नाणी आली, हे ओघानं आलंच.

इ.स.पू. २३च्या सुमारास सम्राट ऑगस्टसनं घडी बसवली. तांब्याचा अस, पितळेचा सेस्टर्शियस, चांदीचा डिनेरियस. सोळा असांचा एक डिनेरियस, चार असांचा एक सेस्टर्शियस. जुन्या मंडळींना ओळख पटली असेल: सोळा आण्यांचा रुपया, चार आण्यांची पावली!

या आण्याला किंमत होती. इ.स. ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर दर सापडले: एका असाला साधी दारू, दोनाला बरी, चाराला नामांकित फालेर्नियन.

तिसऱ्या शतकात लष्कराचा खर्च भागवायला डिनेरियस आणि त्याच्या जोडीच्या नाण्यांतली चांदी कमी होत गेली. भाव भडकले. सेस्टर्शियसमध्ये पितळ बरंच, पण त्यात येणारा माल थोडा. शतक संपण्याआधीच ते नाणं पाडणं थांबलं.

आपली पावलीही ३० जून २०११ला चलनातून गेली. ‘आमच्या वेळी चार आण्यांत...’ असं आजी सांगू लागली, की तिला थांबवू नका. रोमच्या आज्याही नातवंडांना असंच काही सांगत असतील.