सावित्रीबाईंचे ते पत्र नाटकात आणा

(३ जानेवारीच्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळी आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घातला. पण तसबीर बोलत नाही. सावित्रीबाईंना आपल्याशी बोलते केले ते कलावंतांनी. १९८९ साली सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग सुरू केला. एक बाई समोर उभी राहून ‘मी’ म्हणून बोलू लागली, तेव्हा ऐकणाऱ्या बायकांनाही आपला ‘मी’ सापडला. २०१२ साली अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ पुण्यातल्या सफाई कामगारांना घेऊन बसवले. फुल्यांची लढाई ज्यांच्यासाठी होती, त्यांनीच ती रंगमंचावर उभी केली.

हे ऋण मान्य करूनही मला एक तक्रार मांडायची आहे. शाळेचे संमेलन असो, चित्र असो की चित्रपट, सावित्रीबाई म्हटले की शेणगोळ्यांचा प्रसंग येतोच. तो खरा आहे, महत्त्वाचाही आहे. पण त्यात त्या सोसताना दिसतात. सोसणारी बाई आपल्या समाजाला फार लवकर आवडते.

दुसऱ्या सावित्रीबाई त्यांच्या पत्रात भेटतात. २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून त्यांनी जोतीरावांना लिहिले. पंचांग सांगत हिंडणारा एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांचे प्रेम जमले. मुलीला दिवस गेले. गावकरी दोघांना मारीत जिवे घ्यायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, सरकारी कायद्याचा धाक दाखवून त्यांनी दोघांचे प्राण वाचवले आणि त्यांना जोतीरावांकडे पाठवले.

हे पत्र मी शिकत असताना वाचले होते. पण ते मला कळले आमच्या केंद्रात. एका संध्याकाळी वेगवेगळ्या जातींतले एक जोडपे आले. मी सवयीने म्हटले, “आधी तुझ्या आईला फोन करू या. समजावून सांगू.” मुलगी म्हणाली, “ताई, फोन केलात तर घरचे इथं येतील. मग आम्ही वाचत नाही.” मी फोन खाली ठेवला. समुपदेशनाचे शिक्षण घेतलेली मी, समेटाच्या नादात त्यांचा ठावठिकाणा कळवायला निघाले होते! त्या रात्री ती दोघे कार्यकर्तीच्या घरी राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांत लेखी अर्ज दिला. आज ती दोघे सुखरूप आहेत.

आधी जीव वाचवायचा, बोलणी नंतर, हे सावित्रीबाईंना १८६८ साली ठाऊक होते. अशा जोडप्यांना संरक्षण आणि निवारा देण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्देश दिले. तरीही जातीबाहेर लग्न केले म्हणून मुलामुलींचे खून होतच आहेत.

म्हणून कलावंतांना माझी विनंती आहे. हे पत्र घ्या. त्यावर पथनाट्य करा, चित्र काढा, गाणे रचा. पण दोघांच्या जाती गाळू नका. २०२५ साली ‘फुले’ चित्रपटावर आक्षेप आले, प्रदर्शन दोन आठवडे पुढे गेले, सेन्सॉर मंडळाने महार, मांग यांसारखे शब्द काढायला सांगितले. जातच काढली तर त्या दोघांना गाव का मारत होते, हे प्रेक्षकाला कसे कळणार? उरेल ती नुसती प्रेमकथा.

आणि आपणही एक जबाबदारी घेऊ या. प्रयोग सभागृहात नको, ज्या वस्तीत, ज्या भावकीत अशा मुलींना कोंडून ठेवतात, तिथे करू. चौकात पुढच्या रांगेत आपण बसू. प्रयोग संपल्यावर एखादी मुलगी मागे थांबलेली दिसली, तर तिला आधी विचारू, “आज रात्री कुठे राहणार आहेस?”