निजेला धोंडा



झोपेवर व्याख्यान ठेवले तर निम्मे श्रोते झोपतील, असा विनोद चिटणिसांनी आमंत्रण देतानाच करून घेतला. आमची त्याला हरकत नाही. या खुर्च्यांवर ज्यांना झोप लागेल त्यांचे आम्ही अभिनंदनच करू. बोलायचे आहे ते घरी अंथरुणावरही जिला झोप लागत नाही अशा मंडळींविषयी. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा दहावीला सुटली, पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा वैद्यकातले जे सांगू ते वाचलेले आणि कामगारांचे जे सांगू ते पाहिलेले, एवढा भेद ध्यानात ठेवावा.

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपण सर्वांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. दमलेल्याला दगडावरही झोप लागते, हा तिचा अर्थ. लहानपणी ती आम्हाला अगदी खरी वाटे. गिरणगावातल्या एका चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सात माणसे राहत होतो. वडील गिरणीत साचे चालवीत. रात्रपाळी करून सकाळी घरी येत आणि नळावरची भांडणे, स्टोव्हचा आवाज, आमचे पाढे या सर्वांच्या मधोमध गोधडी तोंडावर ओढून घोरू लागत.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा सातवीत होतो. भोंगे थांबले, रात्रपाळी थांबली आणि पहिले काही आठवडे वडील रात्रीचे गाढ झोपले. पुढे वाण्याची उधारी तुंबली, आईच्या पाटल्या गहाण पडल्या, पावसाळा आला तरी संप मिटण्याचे चिन्ह दिसेना. एका रात्री आम्ही पाणी प्यायला उठलो, तर वडिलांचे अंथरूण रिकामे. बाहेर डोकावलो. गॅलरीत जवळजवळ प्रत्येक दारापाशी एकेक पुरुष उभा होता. कोणी विडी ओढीत होता, कोणी नुसताच कठड्याला टेकला होता. कोणी कोणाशी बोलत नव्हते. दोन वाजले असतील. तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही, आणि वडिलांची पहिली झोपही पुन्हा कधी आली नाही.

असे का व्हावे, हा प्रश्न आमच्या मनात राहिला. पुष्कळ वर्षांनी त्याची थोडीफार उत्तरे वाचनालयात सापडली.

हान्स सेली नावाच्या संशोधकाने १९३६ मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विष असे निरनिराळे त्रास दिले तरी शरीरात घडणारे फेरफार सारखेच होते : मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुजलेल्या, जठरात व्रण. याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात उतरतो. वाघ दिसला तर पळण्याचे बळ देण्यासाठी ही सोय आहे. एरवी हा रस पहाटेकडे वाढतो, दिवसभर उतरत जातो आणि रात्री अगदी कमी होतो. वाघ निघून गेला की शरीरही थंडावते. परंतु वाण्याची उधारी हा न जाणारा वाघ आहे. रात्री रक्तदाब उतरावा, हृदयाने जरा सावकाश चालावे, ही निसर्गाची योजना. काळजीने ताठलेले शरीर ती पुरी होऊ देत नाही. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तोच ताण अधिक जड वाटतो, आणि असे हे रहाट फिरत राहते.

शेल्डन कोहेन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आम्हाला फार बोलका वाटतो. २७६ निरोगी माणसांच्या नाकात त्यांनी सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले आणि सर्दी कोणाला होते ते पाहिले. एखादा मोठा आघात झाला पण तो महिन्याच्या आत संपला, अशांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही. ज्यांचा त्रास महिना उलटूनही चालूच होता त्यांना मात्र अधिक झाली. आणि त्या त्रासांत मुख्य दोन निघाले, एक माणसामाणसांतला दीर्घ बेबनाव आणि दुसरा कामाचा तुटवडा किंवा बेकारी. हे वाचताना आम्हाला ती गॅलरी आठवली. संपाचे पहिले आठवडे वडील झोपत होते, हेही आठवले.

आता कोणी म्हणेल, ताण तर मालकालाही असतो. असतो. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील सतरा हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी १९६७ पासून झाली. डोक्यावर मोठ्या जबाबदाऱ्या घेतलेल्या वरिष्ठांचे हृदय आधी बंद पडेल, अशीच कोणाचीही समजूत असती. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे उलटे निघाले. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण शिपाई वर्गात सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या ३.६ पट होते. विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे सर्व हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. पुढच्या पाहणीत एक कारण दिसले ते असे की, आपल्या कामावर ज्याचा स्वतःचा काही ताबा नाही, त्याला धोका अधिक. आमच्या वडिलांना पुढे रक्तदाब जडला. तो संपानेच जडला असे आम्ही छातीठोक सांगणार नाही. ते विड्याही ओढीत.

येथे आम्हाला आमच्याच संघटनेविषयी थोडे कडू बोलणे भाग आहे. पंचवीस वर्षे आम्ही रात्रपाळीचा प्रश्न मांडला तो भत्त्याच्या रूपाने. दर करारात भत्ता किती रुपयांनी वाढला ते फाटकावर ओरडून सांगायचे आणि टाळ्या घ्यायच्या. झोपेचा भाव आम्ही चढवीत नेला, पण झोप परत मागितली नाही. दिवसा झोप येत नाही म्हणून कोणी कचेरीत आला, तर खिडकीला जाड पडदा लाव, असे सांगून वाटेला लावत असू. एका कारखान्यात असाच एक जण आम्ही वाटेला लावला. चार महिन्यांनी पहाटे साडेचारला प्रेसखाली त्याची दोन बोटे गेली. झोपेमुळेच गेली, हे सिद्ध करता येत नाही. भरपाईच्या अर्जावर आम्हीच 'अपघात' असे लिहिले.

त्यानंतर आम्ही पाळीपत्रक नीट वाचायला लागलो. त्या कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदले, आणि तीही उलटी : तिसरीनंतर दुसरी, दुसरीनंतर पहिली. शरीरात एक घड्याळ असते. त्याचे अंतरंग उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेकांचे हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते. म्हणून उशिरा निजणे जमते, लवकर निजणे जमत नाही. ज्या १९८२ साली आमचे वडील गॅलरीत उभे होते, त्याच साली अमेरिकेतल्या युटा राज्यातील एका खनिज कारखान्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. तेथे पाळी सुलट, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी अशी फिरवली, आणि आठवड्याऐवजी एकवीस दिवसांनी बदलली. कामगारांचे समाधान व प्रकृती सुधारली, उत्पादनही वाढले.

हीच मागणी आम्ही लिहून दिली. व्यवस्थापकांनी कागद उलटापालटा करून पाहिला. रुपयांचा आकडा कोठेच नसल्यामुळे त्यांना संशय आला असावा. पुष्कळ बोलण्यांनंतर एका खात्यात सुलट पाळी सुरू झाली. एकवीस दिवसांचे मान्य झाले नाही. रात्रपाळी रात्रपाळीच राहिली, पण 'पाळी बदलली की दोन दिवस डोके गरगरायचे ते कमी झाले' असे त्या खात्यातले लोक सांगतात.

मात्र पाळीपत्रकावर नावे असतात कायम कामगारांची. कंत्राटी पोरांना मुकादमाचा फोन येतो, कधी रात्री अकराला, कधी पहाटे पाचला, की आज ये किंवा आज नको. त्यातल्या एकाच्या घरी आम्ही गेलो होतो. फोन उशाशी ठेवून तो निजतो. त्याची बायको म्हणाली, "साहेब, फोन वाजत नाही तेव्हाच हे जास्त जागे असतात."

कंत्राटी कामगारांनाही कामाचे दिवस सात दिवस आधी लेखी कळवावेत, अशी मागणी या वेळी आम्ही मागणीपत्रकात पहिल्या क्रमांकावर घातली आहे. भत्ता चौथ्यावर गेला, म्हणून आमचेच काही सभासद रागावले आहेत. बोलण्यांची पुढची बैठक मंगळवारी सकाळी दहाला आहे. तिची तयारी व्हायची आहे, तेव्हा आपली रजा घेतो.