विद्यापीठांची भागीदारी



भागीदारीत भांडवल दोघांचेही हवे, हे आम्हां कापडवाल्यांना सांगावे लागत नाही. आयआयटी मुंबई व ऑस्ट्रेलियाचे मोनाश विद्यापीठ यांनी २००८ मध्ये पवईत स्थापन केलेली संशोधन अकादमी म्हणूनच मला भावते. तेथे विद्यार्थ्यास दोन्हीकडचे मार्गदर्शक लाभतात, काही काळ ऑस्ट्रेलियात संशोधन करता येते आणि पीएच.डी. दोन्ही संस्थांची संयुक्त मिळते. अन्यत्र मात्र कित्येकदा सामंजस्य करार म्हणजे केवळ स्वाक्षऱ्या आणि छायाचित्र! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार संयुक्त पदवीसाठी प्रत्येक संस्थेकडून किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. पावतीशिवाय आपण मालाचे गाठोडेही उचलत नाही. मग लाखांचे शुल्क भरण्यापूर्वी, पदवीवर कोणाकोणाचे नाव येणार, हे पालकांनी संस्थेकडून लेखी घ्यावे.