टपालाचे टेबल

चेन्नईच्या राजाजी सालईवर मुख्य टपाल कचेरीची 1884 सालची इमारत उभी आहे. टपालखात्याची जुनी रीत ई-मेलच्या सर्व्हरलाही लागू पडते. त्याची मेमरी म्हणजे पत्रे निवडण्याचे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबलावर काम झपाट्याने उरकते; पण टेबलाला कडा असते.

1986 साली एर्नेटची उभारणी सुरू झाली, तेव्हा मुंबईची एनसीएसटी आणि मद्रासची आयआयटी या दोन्ही संस्था तिच्यात होत्या. त्या आरंभकाळी पत्रे साठवून ठेवीत व टेलिफोन जोडला की पुढे धाडीत. आज ती एकाच वेळी शेकड्यांनी येतात.

‘पोस्टफिक्स’ प्रणालीत प्रत्येक सेवेसाठी एका वेळी 100 प्रक्रियांची मर्यादा मुळातच घातलेली असते. एका प्रक्रियेला लागणारी मेमरी त्या संख्येने गुणावी, संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी जागा राखावी आणि मगच आकडा ठरवावा. लोभाने तो वाढवला, तर मेमरी संपते आणि लिनक्स चालते कामच मध्येच बंद पाडते.

उलट, ‘थोड्या वेळाने या’ असे सांगून दारात थोपवलेले पत्र सहसा हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर ते पुन्हा आणतो. झेपेल तेवढेच स्वीकारावे, आणि डिस्कवर नोंदल्यावाचून पोच देऊ नये. कोणाची तरी वाट पाहणे त्या पत्रात असते.