डिस्क फिरते तेवढ्याच वेगाने



मे संपत आला की माझ्याकडे दुरुस्तीला कॅबिनेट येऊ लागतात. आंब्याचा सीझन उरकलेला असतो, पेट्यांचा हिशेब पुरा करायचा असतो आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो. आणणारा म्हणतो, "स्लो झालाय, फॉर्मॅट मारून द्या." फॉर्मॅट हे शेवटचं औषध आहे आणि आपण ते पहिल्यांदा मागतो. आज मी आलो आहे तो हे सांगायला.

हार्ड डिस्क मंदावली म्हणजे तिची तबकडी हळू फिरू लागली, असं नसतं. डेस्कटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. दहा वर्षांनीही ती तेवढ्याच वेगाने फिरते. वाढतं ते थांबणं. हेड योग्य वर्तुळावर नेऊन माहिती त्याच्याखाली येईपर्यंत बारा-तेरा मिलिसेकंद जातात. सलग लिहिलेली मोठी फाइल सेकंदाला शंभर-दीडशे एमबीने वाचणारी हीच डिस्क विखुरलेल्या तुकड्यांवर आली की सेकंदाला ऐंशीच्या आसपास उड्या मारते. तुकडे चार-चार केबीचे असतील, तर हाती लागतात जेमतेम तीनशे केबी! टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग मात्र एक एमबीसुद्धा नाही, असं दिसतं ते यामुळे. अशी डिस्क निरोगीही असू शकते. उड्या कोण मारून घेतंय ते रिसोर्स मॉनिटरमध्ये पाहा. बहुतेकदा अँटीव्हायरस असतो, अपडेट असतं, नाहीतर रॅम अपुरी पडल्याने विंडोज तिचं काम डिस्ककडून करून घेत असतं.

आजारी डिस्कचं थांबणं वेगळं असतं. एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती पुन्हा फेरा घेते, पुन्हा वाचून पाहते, परत परत. तोवर माउससुद्धा अडकतो. हे ओळखायला डिस्क स्वतःच नोंदी ठेवते, त्यांना स्मार्ट म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम त्या दाखवतो. ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट पाहणारे. सुरुवातीच्या काळात मी अशाच एका डिस्कवर रात्रभर डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेले तुकडे सलग लावणं, चालवलं. सकाळी ती बायोसमध्येही दिसेना. एका घराचे लग्नाचे सगळे फोटो गेले. ती चूक माझी होती आणि अजून टोचते. तेव्हापासून सी५ शून्याच्या वर दिसला की आधी प्रत काढतो, बाकीचं सगळं नंतर.

आता आपल्या रत्नागिरीचं. बहुतेक हार्ड डिस्क हवाबंद नसतात. त्यांना श्वासाचं बारीक छिद्र असतं, कारण हेड तबकडीवर हवेच्या पातळ थरावरच तरंगतं. छिद्रातली गाळणी धूळ अडवते, दमट हवा पूर्ण अडवू शकत नाही. शिवाय मांडवी-मिरकरवाड्याकडचा खारा वारा केबलच्या टोकांवर आणि डिस्कच्या हिरव्या सर्किटखालच्या टिकल्यांवर बसतो. केबलचा संपर्क कच्चा झाला की माहिती चुकत पोचते, पुन्हा पाठवावी लागते आणि सी७ हा आकडा चढतो. हा आकडा कधी उतरत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवायचा आणि केबल बदलल्यावर वाढतोय का ते पाहायचं.

गेल्या वर्षी एका बागायतदारांनी आणलेल्या कॅबिनेटमध्ये ०५ आणि सी५ दोन्ही शून्य होते, सी७ मात्र हजारांच्या घरात. मी आधी हिशेबाची प्रत काढली, मग साटा केबल बदलली आणि पॉवरचा कनेक्टर दुसरा लावला. आठवडाभराने पाहिलं, तर सी७ जिथे होता तिथेच थांबलेला. नंतर त्यांनी लहान एसएसडी घेतली आणि विंडोज तिच्यावर गेलं. जुन्या डिस्कवर आता फक्त वर्षावर्षांचे हिशेब आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत त्यांच्या मुलीकडे पुण्यात असते.