तोंड नसलेला प्राणी



खोल समुद्रातले जीव म्हटले की डोक्यावर दिवा घेऊन भक्ष्याला भुलवणारे अक्राळविक्राळ मासे आठवतात. मला मात्र आज एका किड्याबद्दल बोलायचं आहे. त्याला तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. तरीही तो माणसाच्या उंचीइतका वाढतो.

फेब्रुवारी १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ ही अमेरिकेची छोटी पाणबुडी अडीच हजार मीटर खाली उतरली. तिथे पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या अडीचशे पट, आणि उजेड मुळीच नाही. शास्त्रज्ञ गेले होते समुद्रतळावरचे गरम पाण्याचे झरे शोधायला. झरे सापडले, आणि त्यांच्याभोवती शिंपल्यांचे ढीग, खेकडे, पांढऱ्या नळ्यांतून डोकावणारे लालभडक तुरे! मोहिमेवर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. फॉर्मॅलिन पुरेना, म्हणून काही नमुने रशियन व्होडकात बुडवून आणले गेले.

हे नळकिडे खातात काय? उत्तर सुचलं ते हार्वर्डच्या कोलीन कॅव्हॅनॉ या विद्यार्थिनीला. किड्याच्या शरीरात गंधकाचे स्फटिक आहेत, असं एका व्याख्यानात ऐकताच तिला वाटलं, म्हणजे आत जीवाणू असले पाहिजेत. १९८१ साली तिने ते पुराव्यानिशी मांडलं. झऱ्याच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यांचा वास येतो तोच हा वायू, आपल्याला विषारी. किड्याचा तुरा लाल दिसतो तो हिमोग्लोबिनमुळे. पण त्याचं हिमोग्लोबिन प्राणवायू आणि सल्फाइड दोन्ही एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी धरून वाहून नेतं. आतले जीवाणू त्या सल्फाइडमधून ऊर्जा मिळवतात, कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करतात आणि यजमानालाही पोसतात. हे जीवाणू किड्याला जन्मतः मिळत नाहीत. लहानपणी ते समुद्राच्या पाण्यातून त्याच्या त्वचेत शिरतात.

सूर्याशी नातं इथेही पूर्ण तुटलेलं नाही, हे सांगायला हवं. लागणारा प्राणवायू वरच्या उजेडातल्या वनस्पतींनीच कधीतरी सोडलेला असतो.

असेच झरे आपल्या हिंदी महासागरातही आहेत. तिथे २००१ साली एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर कौलांसारखे एकावर एक खवले, आणि त्यांत चक्क लोहाचं सल्फाइड! अन्ननलिकेच्या फुगलेल्या ग्रंथीत तीही जीवाणू पाळते. त्यांना प्राणवायू पुरवायचा म्हणून हृदय एवढं मोठं, की शरीराचा सुमारे ४ टक्के भाग त्यानेच व्यापलेला.

२०१९ मध्ये ती संकटग्रस्त प्रजातींच्या लाल यादीत गेली. कारण मासेमारी नव्हे, प्रदूषणही नव्हे. या झऱ्यांपाशी तांबं, जस्त, सोनं साठतं, आणि तिथे खाणकाम होण्याची भीती आहे. मध्य आणि नैऋत्य हिंदी महासागरातल्या पर्वतरांगांवर अशा खनिजांच्या शोधासाठी भारताने २०१६ साली आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला. क्षेत्र १० हजार चौरस किलोमीटर. त्यामुळे हा प्रश्न आता आपलाही आहे. शोध जरूर घ्यावा. आपल्या गोव्यातच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या अभ्यासकांनी या जीवांचीही मोजदाद करावी. पण जे झरे आज वाहते आहेत, त्यांना यंत्र लावू नये. तशी स्पष्ट अट खाणकामाच्या नियमांत आधीच लिहिली गेली पाहिजे, आणि ती मागणी आपण नागरिकांनी केली पाहिजे.