मुलांचे भय आणि गिर्यारोहण



अंधार, पाणी आणि उंची यांचे भय बहुतेक मुलांना वाटते. धाकाने ते जात नाही. सरावाने आणि विश्वासाने आटोक्यात येते. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या दहा आदिवासी विद्यार्थ्यांनी ‘मिशन शौर्य’ मोहिमेत याचा प्रत्यय दिला. दार्जिलिंग व लडाख येथील खडतर प्रशिक्षणानंतर मे २०१८ मध्ये त्यांच्यापैकी पाच जणांनी एव्हरेस्ट सर केले. उरलेल्या पाच जणांना शिखर गाठता आले नाही, म्हणून त्यांचे धैर्य उणे ठरत नाही. वेळीच थांबणे हाही गिर्यारोहणातील धडाच आहे.

गावोगावी एव्हरेस्ट नसते; लहानसा कातळ मात्र अनेक गावांच्या शिवारात असतो. शाळा व ग्रामपंचायत यांनी मिळून तेथे शिबिर भरवावे. जाणकार प्रशिक्षक, तपासून घेतलेला दोर, शिरस्त्राण, प्रथमोपचाराची पेटी आणि पालकांची संमती यांवाचून एकही मूल कातळावर चढवू नये. आधी कमरेइतकी उंची, मग पुरुषभर, असा क्रम राखावा. थरथरणाऱ्या मुलास भित्रा म्हणून हिणवू नये, बळेच पुढे ढकलू नये. ‘आज येथवर पुरे’ असे म्हणण्याची मुभा ज्या मुलाला असते, ते उद्या आपण होऊन पुढचे पाऊल टाकते.